गोल अर्ज

अर्जात काय लिहायचं यावर कोणाचा वाद नव्हता. घोडं अडलं ते पहिली सही कोणी करायची यावर.

मजकूर गुरुजींनी लिहिला होता. गुरुजी शाळेतून कधीच निवृत्त झाले होते, पण दुसऱ्यांच्या वाक्यातल्या चुका काढण्यातून अजून निवृत्त झालेले नव्हते, त्यामुळे मजकूर स्वच्छ होता. दवाखान्याच्या दुरुस्तीसाठी आलेला पैसा कमानीवर कसा खर्च झाला ते सांगा. दवाखान्याचं छत आणि लसींचा फ्रिज दुरुस्त करा. आणि यापुढे आमच्या भागाचा पैसा कशावर घालायचा ते आधी उघड सभेत सांगा, मग घाला. एवढंच. शिव्या नाहीत, धमकी नाही. लाँड्रीवाल्याला शेवटी निदान एक ‘अन्यथा’ हवा होता. गुरुजींनी विचारलं, अन्यथा तू काय करणार आहेस? तो म्हणाला, करणार काही नाही, पण शब्द वजनदार आहे.

कमानीच्या बाबतीत लपवाछपवी काहीच नव्हती, हीच तर गंमत. या भागातून निवडून आलेल्या गृहस्थांना सगळे मेंबर म्हणत. कमानीची फीत कापताना मेंबरांनी स्वतःच माइकवरून सांगितलं होतं, की दवाखान्याचा निधी वर्षअखेर परत जाणार होता, तो आपण जाऊ दिला नाही. आणि कमान दवाखान्याच्या वाटेवरच असल्यामुळे ती दवाखान्याचीच सुधारणा धरावी. त्यावर टाळ्या झाल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत अर्जवाली सगळी मंडळी होती. पुढे दवाखान्याच्या छतावरची टाकी झिरपायला लागली, ड्रेसिंगच्या टेबलावर थेंब पडायला लागले, फ्रिज बंद पडल्यामुळे लसीकरणाच्या दिवशी तान्ही पोरं तशीच परत जायला लागली, तेव्हा आपण टाळ्या कशाला दिल्या होत्या ते हळूहळू एकेकाच्या ध्यानात आलं.

मंडळी जमली होती लाँड्रीत. तिथं इस्त्रीचं लांबलचक टेबल होतं, आणि लाँड्रीवाला कोणाला बसायला स्टूल देत नसल्यामुळे बैठका लवकर आटपत. त्या संध्याकाळी मात्र आटपेना.

किराणावाला म्हणाला, पहिली सही गुरुजींची शोभेल. गुरुजी म्हणाले, ज्याचा धंदा या रस्त्यावर आहे त्यानं पुढं व्हावं, आपण काय, पेन्शनर माणूस. पेन्शनर माणसाचा मुलगा पालिकेच्या शाळेत मास्तर होता आणि त्याची बदली गावाबाहेर व्हायची भीती होती, हे गुरुजी बोलले नाहीत, कारण सगळ्यांना ठाऊकच होतं. किराणावाल्याच्या दुकानाची पायरी रस्त्यात जरा जास्तच उतरलेली होती. सुताराला पालिकेच्या शाळांच्या बाकांचं काम मिळायचं. लाँड्रीवाल्याकडे पाण्याचे नळ दोन होते आणि कागदोपत्री एक. जो तो दुसऱ्याच्या सचोटीची तारीफ करत होता आणि पेन पुढं सरकवत होता. पेन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून पुन्हा गुरुजींपुढं आलं.

‘‘याला डोकं आहे म्हणून हे दुखणं,’’ लाँड्रीवाला शेवटी अर्जाकडे बोट दाखवून म्हणाला. ‘‘कागदाला डोकं नको, शेपूट नको. गोल बसल्यासारख्या सह्या करू. कोण पहिला, कोण शेवटचा, शोधत बसा म्हणावं.’’

तो बोलला थट्टेने, पण लोकांना ते एकदम पटलं. आणि पटल्यावर सगळ्यांच्या माना पेंटरकडे वळल्या.

पेंटर हा त्या भागातला हाताने पाट्या रंगवणारा शेवटचा माणूस. दुकानांच्या पाट्या आता छापून यायला लागल्या होत्या; त्याच्याकडे उरली होती ती भिंतीवरची, पत्र्यावरची, जिथं छापील कापड टिकत नाही अशी कामं. कमानीवरचं मेंबरांचं नाव त्यानेच काढलं होतं, एकेक अक्षर लहान मुलाएवढं. त्यावरून लाँड्रीवाला त्याला चिडवायचा, की आमच्या पोरांच्या लसी तू अक्षरांना पाजल्यास. पेंटर हसण्यावारी न्यायचा. अक्षरं चांगली झाली होती, याबद्दल त्याच्या मनात काडीची शंका नव्हती. नाव कोणाचं, हा प्रश्न त्याने आयुष्यात कधी स्वतःला विचारला नव्हता. पाटीवाल्याने तो विचारायचा नसतो, नाहीतर उपाशी मरायचं.

घर मात्र त्याच्या अक्षरांवर चालत नव्हतं. ते चालायचं मुलीच्या पगारावर. मुलगी त्याच दवाखान्यात नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत, इतकं की पेंटरच्या तोंडूनही कधी कधी तेच यायचं. आई गेल्यापासून घरात दोघंच. सिस्टरची नोकरी तात्पुरती होती. ठरावीक मुदतीची ऑर्डर, मुदत संपली की एक दिवस घरी बसायचं आणि मग पुन्हा नव्याने लागायचं, म्हणजे सलग नोकरी केली असं म्हणायची सोय नको. अशा कितीतरी ऑर्डरी झाल्या. आता कुठे तिला कायम करण्याची फाइल हलत हलत आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर पोचली होती. फक्त सही बाकी होती. पेंटर रोज संध्याकाळी मुलीला विचारायचा नाही की फाइलचं काय झालं. तो विचारायचा, आज काम जास्त होतं का. ती म्हणायची, अजून नाही, बाबा.

तर पेंटरने ड्रॉइंगचा मोठा कागद आणला, मधोमध खिळा रोवला, दोरा बांधला आणि पेन्सिलीने असा गोल ओढला की सुताराने मान डोलावली. गोलाच्या पोटात त्याने गुरुजींचा मजकूर सुबक अक्षरांत उतरवला, वर ‘नागरिकांचा अर्ज’ असा मथळा दिला. सह्या गोलाबाहेर, चाकाच्या आऱ्यांसारख्या. लोकांना ते इतकं आवडलं की ज्यांनी सही करायचं ठरवलं नव्हतं तेही आले. कागद पुढचे काही दिवस लाँड्रीच्या टेबलावर पसरलेला असायचा आणि गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं की लाँड्रीवाला आधी सही मागायचा, मग पावती.

गोलाला सुरुवात नसते, हे सगळ्यांच्या डोक्याला पटलं होतं. हाताला पटलं नव्हतं. पहिला आला त्याने उजव्या अंगाला सही केली. दुसऱ्याने डाव्या. गुरुजींनी खालच्या बाजूला, जिथं वाचायला कागद फिरवावा लागेल. किराणावाल्याने त्यांच्या शेजारी. दोन्ही बाजू भरत वर चढल्या. पण मथळ्याच्या बरोबर डोक्यावर यायची वेळ आली की माणूस थबकायचा आणि कुठेतरी खाली, दोन सह्यांच्या फटीत, अंग चोरून आपलं नाव बसवायचा. स्वतः पेंटरनेही सही अगदी तळाला केली होती. शेवटी सगळा गोल भरला आणि वर, मथळ्याच्या माथ्यावर, एका सहीपुरती जागा मोकळी राहिली. पडलेल्या दातासारखी.

दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायचा होता. लाँड्रीवाला म्हणाला, राहू दे ती खिंड, वारा खेळेल. पेंटरने कागद गुंडाळून घरी नेला.

घरी त्याने तो जमिनीवर पसरला, कोपऱ्यांवर रंगाचे डबे ठेवले आणि बघत बसला. नुसतं बघून तो उठला असता तर ही गोष्ट झाली नसती. पण त्याचा जन्म दोन अक्षरांतलं अंतर सारखं करण्यात गेला होता. पाटीवर कुठे जागा उघडी पडली तर त्याला रात्री जेवण जात नसे. तिथं तो एखादी वेल, एखादी चांदणी काढायचाच. इथं वेल काढता येत नव्हती. त्याने आपली सही तळातून वर आणता येते का पाहिलं. शाईची होती, खोडली तर आणखी विद्रूप.

सिस्टर कामावरून आली, हातपाय धुतले आणि कागदाभोवती वळसा घालून गेली. परत येऊन उभी राहिली. छान झालाय, म्हणाली. मग वाकून पूर्ण मजकूर वाचला, ओठ हलवत, औषधाच्या बाटलीवरचं वाचायची तसा.

पेंटर म्हणाला, एकच जागा राहिली आहे.

ती म्हणाली, आम्हाला चालत नाही, बाबा. नोकरीत असताना.

पेंटरलाही ते ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट माणूस किती सहज बाजूला सारतो, याला मोजमाप नाही. तो म्हणाला, ‘‘अगं, गोल आहे. गोलात कोण कुठं आहे, कोण बघतंय? एवढ्या सह्यांत तुझी एक सापडणार आहे का कोणाला?’’

त्या दिवशी दवाखान्यात सिस्टरने ड्रेसिंगचा ट्रे प्लॅस्टिकने झाकून, त्याखाली हात घालून एका म्हाताऱ्याची जखम बांधली होती. म्हातारा म्हणाला होता, सिस्टर, तुम्ही जादूगारासारखं करता. ते तिने बापाला सांगितलं आणि हसली. मग खाली बसली, पेन मागितलं आणि मथळ्याच्या माथ्यावर सही केली. रोज रजिस्टरमध्ये करते तशीच, हाताच्या सवयीने. सहीखाली नाव आणि नावाखाली हुद्दा. परिचारिका.

हुद्दा लिहिल्यावर दोघांच्याही लक्षात आलं. पण अंतर अगदी बरोबर बसलं होतं. पेंटरने कागद गुंडाळला.

अर्ज द्यायला निघताना बरीच माणसं होती. चौकात काहींना कामं आठवली. पालिकेच्या पायऱ्यांशी किराणावाला म्हणाला, मी खाली थांबतो, सायकलींकडे बघायला कोणीतरी हवं. सायकल कोणाचीच नव्हती. आवकच्या खिडकीशी पोचले ते गुरुजी, लाँड्रीवाला आणि पेंटर.

खिडकीतला कारकून भला माणूस होता. एवढा मोठा कागद पाहून त्याने आधी विचारलं, नकाशा आहे का? मग तो उलगडला, आणि मोटारीचं चाक फिरवावं तसा फिरवत राहिला. आजूबाजूच्या टेबलांवरचे दोघं-तिघं बघायला आले. एकजण म्हणाला, अक्षर काय सुंदर आहे. पेंटरला बरं वाटलं.

‘‘पहिलं नाव कोणतं?’’ कारकुनाने विचारलं.

गुरुजींनी घसा साफ करून समजावलं, की यात पहिलं असं नाव नाही, सर्वांचा सारखाच अर्ज आहे. कारकुनाने ते ऐकून घेतलं. तो म्हणाला, तुमचं बरोबर आहे, पण कॉम्प्युटरला एक अर्जदार लागतो. एक नाव, मग ‘व इतर’. त्याशिवाय नंबर पडत नाही. नंबर पडला नाही तर तुम्ही अर्ज दिलाच नाही. मग त्याने अगदी सरळ माणूस करील तेच केलं. मथळा डोक्याकडे येईल असा कागद नीट धरला, आणि मथळ्याच्या वरचं नाव वाचून टाइप केलं. मोठ्याने वाचत. परिचारिका, व इतर.

पेंटर खिडकीत वाकला. ‘‘माझं घाला,’’ तो म्हणाला. ‘‘साहेब, ते नाही, माझं घाला.’’

‘‘तुमचं कुठाय?’’

पेंटरने दाखवलं. कारकुनाने मान तिरकी करून पाहिलं. ‘‘हे तर उलटं आहे.’’ पावतीचा कागद तोपर्यंत मशीनमधून बाहेर आला होता. कारकुनाने शांतपणे सांगितलं, आता नाव बदलायचं तर हा अर्ज मागे घ्या, नव्याने करा, नव्या सह्या घ्या. माझी ना नाही. खिडकी उघडी आहे.

नव्या सह्या. पेंटरने मागे पाहिलं. गुरुजी छताच्या पंख्याकडे बघत होते. लाँड्रीवाला भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. पेंटरने मनात एकेकाचं नाव घेतलं, आणि दुसऱ्यांदा सही कोण देईल ते पडताळलं. निम्मेही निघाले नाहीत. पुन्हा एकदा घेतलं, तर आणखी कमी. एका बाजूला एवढ्या लोकांनी भीत भीत का होईना केलेलं एकमेव काम, दुसऱ्या बाजूला खिडकीतल्या मशीनवर उमटलेलं एक नाव. आणि गुरुजी म्हणाले, ‘‘नंबर पडला, हे महत्त्वाचं. नाव काय, रकाना भरायला असतं.’’

पेंटरने पावती उचलली. घडी घालून खिशात ठेवली. तेवढं त्याने आपल्या हाताने केलं, आणि पुढे कोणालाही सांगताना हे वाक्य त्याने कधी गाळलं नाही.

पालिकेने यावेळी झटपट काम केलं, तसं ती फार क्वचित करते. आधी सिस्टरला खुलाशाची नोटीस आली. कर्मचारी असून स्वतःच्या खात्याविरुद्ध जाहीर अर्जाचं नेतृत्व केल्याबद्दल. ‘नेतृत्व’ हा शब्द वाचून सिस्टरला खरोखर हसू आलं. कायम करण्याची फाइल साहेबांच्या टेबलावरून खाली गेली, म्हणजे किती खाली, ते कोणी सांगेना.

मग मेंबर स्वतः गल्लीत आले. ते रागावले असते तर लोकांना सोपं गेलं असतं. ते लाँड्रीत उभे राहिले, टेबलाला टेकून, आणि म्हणाले की असा जागरूक भाग आपल्याला लाभला याचा आपल्याला अभिमान वाटतो. अर्जाची आपण इतकी गंभीर दखल घेतली आहे की चौकशी आपणच मागितली. आणि चौकशी म्हटली की कागदपत्रांना कोणी हात लावता कामा नये, सामानाची हलवाहलव होता कामा नये. तेव्हा चौकशी पुरी होईपर्यंत दवाखाना बंद राहील. तुमच्याच मागणीवरून, त्यांनी जाता जाता हात जोडून सांगितलं. संध्याकाळपर्यंत दाराला सील लागलं. टाकी आत झिरपतच राहिली. तिला कोणी हात लावणं नियमात बसत नव्हतं.

त्यानंतर सही करणाऱ्यांना एकेकाला जबाबाला बोलावणं आलं. गोलाने जे एकत्र बांधलं होतं ते पालिकेने एक-एक करून सोडवलं. किराणावाला गेला आणि आल्यावर म्हणाला, मी लिहून दिलं, मजकूर न वाचता सही केली होती. काय करणार, घाईत होतो. सुताराने तेच लिहून दिलं. ती ओळ इतकी सोयीची होती की पुढच्यांना तिथं ती आधीच लिहून ठेवलेली मिळायला लागली, फक्त खाली सही करायची. गुरुजींना ‘न वाचता’ असं लिहिणं जिवावर आलं. मजकूर त्यांनीच लिहिला होता. त्यांनी ‘गैरसमजातून’ असं लिहून दिलं, शुद्ध भाषेत. त्या दिवसापासून ते पेंटरला रस्त्यात दिसले की चष्मा पुसायला लागायचे. लाँड्रीवाला सगळ्यात शेवटी गेला. येऊन त्याने सरळ सांगितलं, ‘‘पेंटर, मी विकला गेलो. नळाला.’’ त्याच्यावर रागावताही येईना.

उरल्या दोन सह्या. तळातली आणि वरची.

पेंटर आरोग्य खात्याच्या साहेबांकडे गेला. बाहेरच्या बाकावर बसून राहिला, मग त्याला आत बोलावलं. त्याने सांगितलं, गोल मी काढला, जागा मी उघडी ठेवली, सही मी मागितली, पोरीचा यात काही दोष नाही. साहेबांनी त्याला पाणी दिलं. साहेब म्हणाले, असं असेल तर अगदीच सोपं आहे. तिने एवढंच लिहून द्यावं, की वडिलांनी सांगितलं म्हणून मजकूर न वाचता सही केली. मी फाइल वर घेतो. माझ्या मनात काही नाही. आणि त्यांच्या मनात खरंच काही नसावं. त्यांना टेबल मोकळं हवं होतं.

पेंटर जवळजवळ धावत घरी आला. सिस्टर तांदूळ निवडत बसली होती. त्याने साहेबांचं म्हणणं शब्दशः सांगितलं, आणि वर स्वतःचं घातलं, की माझ्यावर ढकल, खुशाल ढकल, मला काय होणार आहे, माझी काय कुठं फाइल अडली आहे?

सिस्टर खडे वेचत राहिली. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, ‘‘मी वाचून केली होती, बाबा.’’

‘‘ते मला ठाऊक आहे. त्यांना कुठं ठाऊक आहे?’’

‘‘न वाचता सही करते असं एकदा लेखी दिलं, की उद्या माझ्या हातातलं इंजेक्शन कोणी का टोचून घ्यावं?’’

पेंटर म्हणाला, गल्लीतल्या सगळ्यांनी दिलं लिहून. ती म्हणाली, त्यांना कोणाला इंजेक्शन द्यायचं नसतं. आवाज चढवला नाही. पेंटरने मग आईची आठवण काढली, घरभाड्याची काढली, आपल्या म्हातारपणाची काढली. जे जे म्हणून बापाच्या भात्यात असतं ते सगळं काढलं. शेवटी म्हणाला, माझ्यासाठी तरी.

‘‘सहीसुद्धा तुमच्यासाठीच केली होती,’’ सिस्टर म्हणाली.

तिला हे बोलायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण बोललेलं परत घेणं तिला जमत नव्हतं, तेच तर चाललं होतं सगळं. तिने ताट बाजूला ठेवलं, उठून बापाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाली की भात शिजायला टाकते.

सिस्टरच्या ऑर्डरची मुदत संपली. एक दिवस ती नेहमीसारखी घरी बसली. दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर आली नाही.

दवाखाना बंद असला तरी लोकांची दुखणी बंद झाली नव्हती. पहिल्यांदा सुताराची बायको आली, बोटाला लागलं होतं ते घेऊन. मग किराणावाल्याची आई, रक्तदाब बघायला. दार अर्धवट उघडून, आत न येता विचारायच्या, सिस्टर आहे का. लाँड्रीवाला पंजा भाजून घेऊन आला तेव्हा पेंटर दारातच बसला होता. त्याने पाय आवरले नाहीत. लाँड्रीवाला तसाच उभा राहिला, हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला. आतून सिस्टर म्हणाली, ‘‘बाबा, वाट द्या त्यांना.’’ पेंटरने पाय आवरले. तिने जखम धुतली, मलम लावलं, बांधली, आणि पाण्यात हात घालायचा नाही असं दोनदा बजावलं. पाण्याचं नाव निघताच लाँड्रीवाल्याने मान खाली घातली. जाताना तो काही देऊ लागला, ते तिने घेतलं नाही. पेंटरने मात्र मनातल्या मनात सगळ्यांची मोजदाद ठेवली, कोण किती वेळा आलं त्याची. मग एके दिवशी त्याच्या लक्षात आलं, की आपणही पालिकेसारख्याच नोंदी करायला लागलो, आणि या मोजणीतून काही वसूल होणार नाही; तेव्हापासून मोजायचं सोडलं.

पण फुकटच्या पट्ट्यांवर घर चालत नाही. पार दूरच्या गावात एका खासगी इस्पितळात तिला काम मिळालं. पगार कमी, राहायला एका खोलीत चौघी, आणि नावापुढे परिचारिका नाही, मदतनीस. तिने विचारलं होतं, तिथंही कागदावर काय काय लिहून द्यावं लागतं. ते म्हणाले, काही नाही. म्हणून ती गेली.

निघताना तिने बापाच्या गोळ्या सकाळच्या आणि रात्रीच्या वेगळ्या करून ठेवल्या. तो स्टँडपर्यंत आला. गाडी लागलेली होती. त्याला म्हणायचं होतं, की त्या दिवशी खिडकीशी मी अर्ज मागे घ्यायला हवा होता. त्याऐवजी तो म्हणाला, खिडकीशी बस, हवा लागेल. ती म्हणाली, बसते.

चौकशी चालू होती. किती पुढे गेली असं विचारायला आता कोणी जात नव्हतं, कारण विचारणाऱ्याचं नाव लिहून घेत.

सिस्टर गेल्यावर दोन-तीन दिवसांनी दुपारी दार वाजलं. एक बाई उभी होती. पेंटरने तिला पूर्वी पाहिलेलं नव्हतं, मागच्या वस्तीतली असावी. कडेवर मूल, तापाने डोळे अर्धे मिटलेलं. तिने विचारलं, सिस्टर इथंच राहतात ना?

‘‘नाही,’’ पेंटर म्हणाला. ‘‘गेली ती.’’

‘‘कधी येतील?’’

पेंटरने पुढे होऊन मुलाच्या कपाळाला हात लावला, चांगलंच तापलं होतं, आणि हात तसाच ठेवून तो उभा राहिला. त्यापुढे काय करतात ते त्याला येत नव्हतं. मग त्याने बाईला मोठ्या इस्पितळाचा रस्ता सांगितला. कमानीखालून बाहेर पड, चौकातून बस धर, पुढे दुसरी बदलावी लागते. बाईने विचारलं, दुसरी कुठली? ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. तो म्हणाला, थांब, चपला घालतो, आणि आत वळला.